हळद पाठवतो, पण औषध म्हणून नाही

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दोन किलो चांगली हळद पाठवा म्हणे, रोज रात्री दुधातनं घेणार, म्हणजे शुगर पण खाली येईल आणि कॅन्सर पण होणार नाही. पाठवतो की. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि माझं तर आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यात गेलं, म्हणूनच सांगतो की भाजीत घाल, दुधात घाल, पण औषध समजून घेऊ नको. त्यातलं ते कर्क्युमिन, ज्याला औषधी म्हणतात ते, पोटातनं रक्तात फारसं जातच नाही. लॅबमधल्या बशीत पेशींवर काय दिसलं आणि माणसाच्या अंगात काय झालं यात लई फरक असतो, पण फॉरवर्ड करणाऱ्याला त्याचं काय.

तुझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, ६.१ आलंय आणि तू बॉर्डरलाइन म्हणून सोडून दिलंस. ५.७ ते ६.४ म्हणजे शुगर दारात उभी आहे, ६.५ झालं की घरात. आजोबांना होती, पप्पांना आहे, म्हणजे मला होणारच, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेत अशाच बॉर्डरवाल्यांवर मोठा अभ्यास झाला, २००२ ला छापून आला, त्यात घरात शुगर असलेले बरेच होते. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि वजन सात टक्के कमी, एवढं टार्गेट दिलं तर शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं ३१ टक्क्यांनीच. तुझं वजन ८५, म्हणजे सहा किलो उतरव, बास.

आणि पॅन्टचा नंबर सांगू नको मला, पॅन्ट तू पोटाखाली घालतोस. टेप बेंबीवरनं लाव, श्वास सोडून. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर धोका धरतात. पोटातली चरबी वाढली की इन्शुलिन नीट काम करत नाही, आणि लठ्ठपणानं आतड्याच्या, लिव्हरच्या कॅन्सरचा धोका पण वाढतो, म्हणजे दोन्हीचं मूळ बरंचसं एकच. साखरेऐवजी गूळ घेतोस ते ठीक, पण शुगरला गूळ आणि साखर सारखीच, हे उसाच्या पट्ट्यातला माणूस सांगतोय तुला.

आता खरं दुखणं. मावा. मी तंबाखू नाही खात, नुसत्या सुपारीचा खातो, असं तू आईला सांगितलंस. अरे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ लाच सुपारीलाच कॅन्सरकारक म्हटलंय, तंबाखू नसली तरी. यार्डातल्या सुपारी खाणाऱ्या एका हमालाचं तोंड हळूहळू आखडत गेलं, आधी आमटीचा घास पण झोंबायचा, मग भाकरीचा तुकडा आडवा करून सरकवायचा. आरशापुढं उभा रहा आणि तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघ. बोटं जात नसली, गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरलेला फोड असला तर दाखवायला उशीर नको. टपरीवाला प्लॅस्टिकच्या कागदात घोटून देतो ती पुडी खिशात असताना हळदीचं दूध पिऊन काय होणार?

एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत कर, त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही, त्यामुळं ऑफिसचं कारण चालणार नाही. दाताच्या डॉक्टरकडं मात्र याच आठवड्यात जा, काय म्हणाले ते फोन करून सांग, आईला नाही, मला.

तुझा,
पप्पा