‘प्रचंड’चे खरे गणित वजनाचे

महोदय,

‘प्रचंड’ या हलक्या लढाऊ हेलिकॉप्टरविषयी लिहिताना सगळा भर तोफेवर आणि क्षेपणास्त्रांवर दिला जातो. खरी अडचण उंचीची आहे. कारगिलमध्ये 1999 साली रॉकेट लावलेली एमआय-17 ही वाहतुकीची हेलिकॉप्टरे वापरावी लागली, त्यातले एक तोलोलिंगजवळ शत्रूने पाडले, आणि तिथून या वेगळ्या यंत्राची गरज पुढे आली.

पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के राहते. पाती विरळ हवा कापतात, उचल घटते; इंजिनालाही हवा कमी मिळते, म्हणजे ताकद नेमकी हवी तिथेच ढेपाळते. त्यामुळे 5.8 टनांच्या कमाल वजनात प्रत्येक किलोचा हिशेब लागतो. इंधन वाढवले की रॉकेट उतरवा. सुरुवातीचे नमुने ठरल्यापेक्षा जड निघाले होते. ते वजन उतरवण्यात बराच काळ गेला. उशिराबद्दल ओरड करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इंजिने, रोटर (फिरत्या पात्यांचा संच) वगैरे ‘ध्रुव’ या आधीच्या भारतीय हेलिकॉप्टरवरून घेतले. धड मात्र अरुंद, वैमानिक एकामागे एक. नाकाखालची 20 मिमीची तोफ आडवी वळवून झाडली की धक्क्याने नाक वळू पाहते, ते नियंत्रण प्रणालीला सावरावे लागते.

पहिले उड्डाण मार्च 2010, हवाई दलात प्रवेश ऑक्टोबर 2022, आणि 156 नगांचा करार मार्च 2025. आता पुरवठ्याचा वेग किती, हे विचारा.

– एक वाचक