हुज्जत घालू द्या की त्यांना!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पायलट आणि एटीसीवाल्यांची (विमानांना टॉवरमधून सूचना देणारे कंट्रोलर) रेडिओवर जरा बाचाबाची झाली की तिची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरते, टीव्हीवाले लाल पट्टी लावून 'आकाशात तू तू मैं मैं' करत बसतात आणि आपणही 'बघा कुणाच्या भरवशावर बसतो आपण विमानात' म्हणून ती चार ग्रुपवर ढकलतो. मला तर हे उलटंच वाटतं. वाद घालतायत म्हणजे दोघंही जागे आहेत, भीती वाटायला हवी ती गुमान 'हो' म्हणणाऱ्यांची.

मी घाटकोपरला राहतो, उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. मुंबईला रनवे दोन असले तरी ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी चालतो एकच, आणि गर्दीच्या तासाला चाळीसच्या वर विमानं चढ-उतार करतात म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट. आमच्या मेट्रोच्या जिन्यावर संध्याकाळी सातला याहून निवांत असतं!! त्यात ८ जून २०२४ ला काय झालं ते आठवत असेलच, एअर इंडियाचं विमान टेकऑफ करतंय आणि मागून त्याच रनवेवर इंडिगोचं येऊन टेकलं. व्हिडिओ व्हायरल झाला, डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, एटीसीच्या माणसाला ड्युटीवरून बाजूला केलं, आणि दोन्ही कंपन्यांचं म्हणणं काय, तर आमचा पायलट एटीसीच्या सांगण्याप्रमाणेच वागला. दोष कुणाचा तो विषय वेगळा, पण 'सांगितलं तसं केलं' एवढ्यावर आपण समाधान मानायचं का? नियमाने विमानाचा शेवटचा निर्णय कॅप्टनचा असतो, नाही जमत तर 'अनेबल' म्हणून सरळ नकार द्यायची त्याला मुभा आहे, उतरता उतरता परत वर जायचीही आहे.

न बोलल्याने काय होतं त्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कला आव्हियांका कंपनीचं विमान तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं, इंधन संपत आलेलं, कॅप्टन को-पायलटला सांगतोय की त्यांना इमर्जन्सी म्हणून सांग, आणि को-पायलट रेडिओवर काय म्हणाला तर आमचं इंधन संपत आलंय, पुन्हा प्रयत्न करतो. इमर्जन्सी नाही की मेडे (संकटाची हाक) नाही. रांगेतल्या सगळ्यांनाच घाई, कंट्रोलरने याला वेगळं का काढावं? विमान पडलं, ७३ माणसं गेली.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ ला तर प्रश्न विचारलाही गेला होता. धुकं एवढं की टॉवरला रनवे दिसत नाही, केएलएम कंपनीच्या विमानाचा पायलट म्हणतो आम्ही आता टेकऑफवर, टॉवर आधी 'ओके' म्हणून बसतो आणि मग थांबा म्हणतो, नेमकं त्याच क्षणी पॅन ॲम कंपनीच्या दुसऱ्या विमानातले सांगतायत की आम्ही अजून रनवेवरच आहोत, दोन आवाज एकावर एक आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आली नुसती शिट्टी. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं, पॅन ॲम अजून बाहेर पडलेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, पडलंय की. एवढा सीनियर माणूस, त्याच्यापुढे परत कोण बोलणार! दोन्ही विमानं रनवेवरच धडकली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं.

आपल्याकडे हरियाणात चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानं हवेतच धडकली, ३४९ माणसं गेली. सौदीच्या विमानाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलेलं, कझाकच्या विमानाला १५ हजारवर. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा, आणि विमान १५ हजारवर न थांबता खाली आलं. रेडिओवर उत्तरं मात्र सगळी व्यवस्थित जात होती.

म्हणून म्हणतो, कंट्रोलरने दोनदा विचारलं, पायलटने चिडून 'का?' म्हटलं तर तो काही लफड्याचा विषय नाही. ऐकलेलं परत म्हणून दाखवायची पद्धत, ते रीडबॅक, तेही शेवटी एकमेकांवर अविश्वास दाखवणंच आहे ना. तिकडे टॉवरमधल्या शेजारच्या सहकाऱ्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलेलं बघितलं की पुढच्या वेळी स्वतःची चूक कोण स्वतःहून सांगेल? चूक कळवायची सोय कागदावर आहे, पण नोकरी सगळ्यांनाच प्यारी.

डीजीसीएने अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशीचा रिपोर्ट आणि रेडिओवरचं पूर्ण संभाषण लोकांसमोर ठेवावं, कुणाला बाजूला केलं ही एक ओळ पुरत नाही. आणि आपल्या पेपरला विनंती, पुढच्या वेळी अशी क्लिप आली तर पायलटने काय विचारलं, एटीसीने काय उत्तर दिलं आणि मग विमानाने काय केलं तेवढं छापा, कोण कुणावर खेकसलं ते राहू द्या.

आपला एक नियमित वाचक,
घाटकोपर (पूर्व), मुंबई