चित्र आधी पाहू द्या

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत रेने माग्रित या बेल्जियन चित्रकाराच्या ‘प्रेमी’ (१९२८) या चित्रावरचा लेख वाचला. डोक्याला पांढरी फडकी गुंडाळलेले स्त्री-पुरुष फडक्यांतूनच चुंबन घेत आहेत, ते हे चित्र. लेखकाने कोडे सोडवूनच टाकले आहे. १९१२ साली माग्रितच्या आईने सांब्र नदीत जीव दिला, प्रेत काढले तेव्हा तिचा गाऊन तोंडावर आलेला होता, तेरा वर्षांच्या मुलाने ते पाहिले, तेच हे फडके. लेख संपला.

मी हायस्कुलात एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. हीच गोष्ट मीही नववीच्या वर्गाला वर्षानुवर्षे सांगत होतो, म्हणून न राहवून लिहितो आहे. आई बुडाली हे खरे. पण प्रेत काढताना मुलगा तिथे होता का, याबद्दल अभ्यासकांनीच शंका घेतली आहे, आणि आपल्या चित्रांची अशी मानसशास्त्रीय उकल खुद्द माग्रितला आवडत नसे. हे वाचनात आल्यावर एका वर्षी मी गोष्ट सांगितलीच नाही. रंगीत प्रिंट फळ्यावर चिकटवली आणि बाजूला उभा राहिलो.

एरवी मुले गोष्ट वहीत उतरवून घेत आणि मान खाली घालत. त्या दिवशी मान वर राहिली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, फडके कोरडे आहे. चुण्या बघा की.” वस्तुचित्राच्या तासाला चुण्या गिरवून कंटाळलेला हा मुलगा! एका मुलीने छताजवळची नक्षीची पट्टी दाखवली. म्हणाली, “हे तर घरात आहेत. मग तोंड कोणापासून लपवलंय?” आणखी एकीच्या लक्षात आले, की इतके जवळ असून कोणी कोणाला हाताने धरलेले नाही. शेजारच्या वर्गावरच्या मराठीच्या बाई डोकावल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “यांचा अंतरपाट दूर झालाच नाही हो.” मला तोवर अंतरपाट कधी सुचला नव्हता.

नदीचे कोडे घेऊन बसलो असतो तर यातले काहीच दिसले नसते. शिवाय फडके आईचे म्हटले, तर ते पुरुषाच्याही डोक्याला का? त्याच वर्षीचे, याच नावाचे दुसरे चित्र ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. तिथे ही जोडी उघड्या माळावर, फोटोला उभी राहावी तशी डोक्याला डोके लावून आहे. फडकी तीच, पण मनात उमटते ते वेगळे. लेखात या दुसऱ्या चित्राचा उल्लेखही नाही.

आणि एक तक्रार. लेखाला पाऊण पान, चित्र मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढे, तेही काळे-पांढरे. बाईचा लाल पोशाख छापून आला तो करडा. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, जेमतेम ५४ बाय ७३ सेंटिमीटरचे. म्हणजे आपल्या समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून रंगीत छापले तर जवळजवळ खऱ्या मापात वाचकाच्या हाती येईल. तेवढे एकदा करावे. मजकूर पुढच्या रविवारी छापला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली