बरोबरी झाली तर

सांगली, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझं बोलणं मध्येच तोडून मी फोन आईकडे दिला. तुला वाईट वाटलं असणार. रागावलो नव्हतो गं, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. कॉलेजच्या बुद्धिबळ स्पर्धेची नियमावली तुमची समिती करते आहे, अंतिम लढत चार डावांची आहे, आणि 2-2 अशी बरोबरी झाली तर चषक गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहावा असं तू सुचवलंस. गेल्या वर्षीची विजेती तूच. मी म्हटलं, हे बरं दिसत नाही. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, फिशरने 1975 मध्ये हेच तर मागितलं होतं. आणि सेव्हिलला कास्पारोव्ह 12-12 वरच जगज्जेता राहिला ना?"

दोन दिवस वही घेऊन बसलो होतो. आता सांगतो.

आधी फिशर, तेव्हाचा जगज्जेता. त्याच्या अटी तुला पाठ आहेत: जो आधी 10 डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत, डावांना संख्येची मर्यादा नाही, आणि 9-9 झाले तर गादी जुन्या जगज्जेत्याकडे. फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, 10 विजय मान्य केले, अमर्याद डावही मान्य केले, 9-9 मात्र नाकारलं. फिशर पटावर आलाच नाही आणि 3 एप्रिल 1975 ला आव्हानवीर कार्पोव्हला एकही डाव न खेळता जगज्जेता जाहीर केलं. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो की 9-9 ची अट म्हणजे दांडगाई होती, कारण आव्हानवीराला निदान 10-8 ने, म्हणजे दोन डावांच्या फरकाने जिंकावं लागलं असतं.

या वेळी म्हटलं, तोंडी नको, गणित मांडू. विजेत्याचे 9 विजय झाले की आव्हानवीराची वाट बंद होते. कारण त्यानंतर एक तर विजेता दहावा जिंकेल, नाही तर 9-9 होईल, आणि दोन्हीकडून गादी त्याचीच. म्हणजे खरी शर्यत अशी की विजेत्याला 9 हवेत, आव्हानवीराला 10. दोघे अगदी तुल्यबळ आहेत असं धरलं, तर प्रत्येक निकाली डाव म्हणजे एक नाणेफेक. जास्तीत जास्त 18 नाणेफेकी. आकडेमोड केली तर जुन्या विजेत्याची शक्यता शंभरात 59 येते. विश्वास बसेना म्हणून दहा रुपयांचं नाणं घेऊन जेवणाच्या टेबलावर चाळीस वेळा ही शर्यत लावून पाहिली. विजेता 23 वेळा जिंकला.

मग दुसरं पान घेतलं. फिशरच्या आधी चालत आलेला नियम काय होता? 24 डाव, विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, आणि 12-12 झाले तर गादी जुन्याकडे. याला कुणी दांडगाई म्हणत नव्हतं. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असं धरलं (1972 ला रेकयाविकमध्ये फिशर-स्पास्की लढतीत 21 पैकी 11 सुटले होते), तर तुल्यबळ खेळाडूंत जुन्या विजेत्याची शक्यता शंभरात 56 येते. बरोबरीचे डाव आणखी वाढले, दर तिनात दोन झाले, तर 57. म्हणजे ज्या अटीवरून सगळं जग भांडलं, ती आधीच्या नियमापेक्षा शंभरात दोन-तीनानेच जड होती! तीस वर्षं वर्गात संभाव्यता शिकवली, पण हा हिशेब मी कधी करून पाहिला नाही याची चुटपुट लागली. त्या अटीपुरतं फिशरच्या बाजूने तू म्हणतेस ते मी मान्य करतो.

अमर्याद डावांची अट मात्र मला त्याहून फार वाईट वाटते, आणि तिच्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस. 10 विजयांऐवजी 6 विजयांवर काय झालं ते बघ. 10 सप्टेंबर 1984 ला मॉस्कोत जगज्जेता कार्पोव्ह आणि आव्हानवीर कास्पारोव्ह बसले. नऊ डावांत कार्पोव्ह 4-0, सत्ताविसाव्या डावानंतर 5-0. एकच विजय हवा होता. तो मिळेना. बरोबरी, बरोबरी, बरोबरी. कास्पारोव्हने बत्तिसावा जिंकला, मग सत्तेचाळिसावा, मग अठ्ठेचाळिसावा. 48 डावांत 40 बरोबरीचे आणि पाच महिने सरलेले. 15 फेब्रुवारी 1985 ला फिडेचे अध्यक्ष कांपोमानेस यांनी निकालाशिवायच लढत थांबवली. कास्पारोव्हने तिथल्या तिथे विरोध केला. तेव्हाच्या गतीने 9-9 पर्यंत पोचायला 108 डाव लागले असते.

त्या वेळी मी कॉलेजात होतो. वाचनालयात वर्तमानपत्र उभं राहून वाचावं लागायचं, आणि आम्ही तिघे मित्र 5-0 नंतर रोज आधी शेवटचं पान उघडायचो. लढत थांबवल्याची बातमी वाचली तेव्हा आम्ही कार्पोव्हच्या बाजूचे असूनही आमच्यात कुणालाच आनंद झाला नाही. 5-3 ला पुढे असलेला माणूस जिंकलाही नाही, हरलाही नाही. लढत चालू असताना नियम बदलला, आणि तो खेळणाऱ्या दोघांनी बदललेला नव्हता. माझ्या लेखी बुद्धिबळाच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि तो कुणा एकावर नाही, दोघांवर झाला.

म्हणून मी वहीत सगळ्या लढतींपुढे एकच प्रश्न लिहीत गेलो: नियम कुणी लिहिला, आणि केव्हा?

कापाब्लांकाचं घे. जगज्जेता झाल्यावर 1922 मध्ये लंडनला त्याने अटी मांडल्या, त्यात आव्हानवीराने 10,000 डॉलरची थैली उभी करावी ही एक. त्या काळी एवढी रक्कम जमवणं फार थोड्यांना शक्य होतं. अलेखिनने ती जमवली, आणि 1927 ला ब्युनोस आयर्सला 34 डावांत 6-3 ने जिंकला, बाकीचे 25 बरोबरीत. मग कापाब्लांका परतीची लढत मागू लागला तेव्हा अलेखिनने त्याच्याच थैलीची अट त्याच्यापुढे ठेवली. 1929 नंतर अमेरिकेत पैसाच आटला. अलेखिनने बोगोल्यूबोव्हला दोनदा संधी दिली, कापाब्लांकाला कधीच नाही. मला अलेखिनचे डाव फार आवडतात, तुला ठाऊक आहे. पण ही गोष्ट वाचली की त्याच्याबद्दलचा आदर थोडा उतरतो, प्रत्येक वेळी.

बोट्विनिकबद्दल तू नेहमी म्हणतेस की तो नियमांवर जगला. आकडे तुझ्याच बाजूचे आहेत. गादीवर बसून तो पाच लढती खेळला: 1951 ला ब्रॉनस्टाइनशी 12-12, 1954 ला स्मिस्लोव्हशी 12-12, मग 1957, 1960 आणि 1963 ला हार. जगज्जेता म्हणून एकही लढत तो जिंकलेला नाही! दोन वेळा परतीच्या लढतीच्या हक्काने गादी परत मिळवली. पण 1961 कडे नीट बघ. आदल्या वर्षी तालने त्याला 12½-8½ असं चेपलं होतं. ताल 23 वर्षांचा, हा पन्नाशीला आलेला. परतीच्या लढतीत बोट्विनिकने 10 डाव जिंकले, तालने 5. नियमाने त्याला पुन्हा पटासमोर बसायचा हक्क दिला एवढंच, ते दहा डाव त्याला स्वतःच जिंकावे लागले. त्यामुळे थोर जगज्जेत्यांच्या तुझ्या यादीत तो नववा आहे ते मला पटत नाही.

आणि त्याच यादीत, तुझ्या खोलीच्या दारामागे चिकटवलेल्या, फिशरच्या आधीचा जगज्जेता स्पास्की नाहीच. हे मात्र मला खरंच लागलं.

1972 ची ती गोष्ट पुन्हा एकदा ऐक, तू आकड्यांत बघतेस म्हणून सांगतो. पहिला डाव फिशर हरला. दुसऱ्याला कॅमेऱ्यांच्या तक्रारीवरून तो आलाच नाही, डाव स्पास्कीला बहाल झाला. 2-0. 24 डावांच्या लढतीत, 12 गुणांवर गादी राखता येत असताना, दोन डावांची आघाडी. फिशर तिसराही सोडून देण्याच्या बेतात होता. स्पास्कीने गप्प बसायचं होतं, बस्स. नियम सगळे त्याच्या बाजूने होते, आणि गादी आयती राहिली असती. पण फिशरने प्रेक्षकांपासून दूर, मंचामागच्या लहानशा खोलीत खेळायची अट घातली आणि स्पास्कीने ती मान्य केली. त्या खोलीत फिशरने अकराव्या खेळीला घोडा पटाच्या कडेला नेला, जिथे नेऊ नये असं आपण मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो, आणि डाव जिंकला. स्पास्कीविरुद्धचा त्याचा आयुष्यातला पहिला विजय. पुढे सहावा डाव फिशरने जिंकला तेव्हा स्पास्कीने प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. आणि 12½-8½ ने गादी गमावली.

तो वेडेपणा होता असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला तसं वाटत नाही. त्याला जगज्जेतेपद खेळून राखायचं होतं. 2025 च्या फेब्रुवारीत स्पास्की गेल्याची बातमी आली तेव्हा मी पट मांडून तो तिसरा डाव एकट्याने खेळून पाहिला होता. तू परीक्षेत होतीस, सांगितलं नाही.

गुकेशचं जगज्जेतेपद कार्लसन नव्हता म्हणून उणं, हेही तू म्हणतेस. कार्लसनने 2022 मध्ये स्वतःहून गादी सोडली, त्याला कुणी उठवलं नाही. सिंगापूरला जगज्जेत्या डिंगविरुद्धच्या लढतीत चौदाव्या डावात 6½-6½ असताना गुकेशकडे फक्त एक प्यादं जास्त होतं आणि सगळे म्हणत होते, बरोबरी, आता रॅपिड, म्हणजे कमी वेळाचे डाव. तो खेळत राहिला. डिंगने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती अशा घरात नेला की हत्तींची मारामारी झाली, आणि त्याचा उंट पटाच्या कोपऱ्यात अडकलेला असल्यामुळे पाठोपाठ उंटांचीही. उरली ती प्याद्यांची लढाई, आणि ती हरलेली. चूक डिंगचीच, पण ती व्हावी म्हणून चार तास समोर बसून राहणं हे गुकेशचं होतं.

आता तुझ्या नियमाकडे येतो. सेव्हिलला 12-12 वर गादी कास्पारोव्हकडे राहील हे कार्पोव्हला पहिल्या डावाआधी माहीत होतं, आणि तो नियम कास्पारोव्हने स्वतः लिहिलेला नव्हता. तुझ्या बाबतीत लेखणी तुझ्या हातात आहे. चार डावांच्या लढतीत बरोबरीची शक्यता 24 डावांपेक्षा कितीतरी जास्त असते, हेही ध्यानात घे. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असं धरलं तर तुझ्या नियमाने तुझी शक्यता शंभरात 64 होते. फिशरने मागितली त्याहून जास्त.

आणि सहावीतली ती स्पर्धा आठव. तुझे पाच गुण, त्या मुलाचेही पाच. शेवटची फेरी संपल्यावर, मुलं वह्या आवरत असताना, पंचांनी सांगितलं की बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज बघायची, आणि चषक त्याला गेला. ती पद्धत चुकीची नाही, सगळीकडे वापरतात. पण ती आधी फळ्यावर लिहिलेली नव्हती. तू बसस्टॉपपर्यंत एक शब्द बोलली नाहीस, फक्त माझं बोट घट्ट धरून चालत होतीस, आणि मीही पंचांना काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ते मला अजून टोचतं, म्हणून परवा फोन आईकडे दिला.

तू असं कर. बरोबरीचं कलम लिहिताना समितीच्या बैठकीतून उठून जा. अंतिम फेरीत तू असशील की नाही हे कुणालाच माहीत नाही, तेव्हा आत्ताच, सोडती निघायच्या आधी, ते दुसऱ्या कुणीतरी लिहू दे आणि सूचनाफलकावर लावू दे. मला विचारलंस तर दोन रॅपिड डाव ठेवा, रंग नाणेफेकीने, तरीही बरोबरी तर त्याहून कमी वेळाचा एक ब्लिट्झ. पण त्यांनी वेगळं ठरवलं, अगदी तुझंच कलम ठेवलं, तरी ते तुला मी आनंदाने घेऊ देईन, कारण ते तू लिहिलेलं नसेल.

हिशेबाची दोन पानं सोबत जोडली आहेत. दुसऱ्या पानावर खाली 64 कसे आले ते आहे, तपासून बघ, चूक सापडली तर कळव. आई शेंगदाण्याचे लाडू पाठवते आहे, अर्धे मैत्रिणींना दे. अंतिम फेरीच्या दिवशी मी आलो तर चालेल का? मागे बसेन.

तुझा,
बाबा