चिलखत, उकाडा आणि तुझं जंगल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळात इतक्या वर्षांनी पुन्हा डीएमच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसतोयस, तेही थेट जंगलातलं साहस घेऊन, हे वाचून फार आनंद झाला. पण एका ओळीवर मी अडलो. ‘चिलखतवाल्यांना उकाड्याचा चांगला इंगा दाखवणार आहे,’ असं तू लिहिलंयस. हे लांबलचक पत्र त्या एका ओळीसाठी आहे, कारण मी नेमकं तेच केलं होतं आणि त्यात एक चांगला खेळाडू दुखावला होता.

आमच्या डावात एकजण पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्ध्याचं पात्र, खेळत होता. अंगावर प्लेट आर्मर, म्हणजे पोलादी पत्र्यांचं पूर्ण चिलखत, एसी 18 (हा आकडा जितका मोठा, तितका वार लागणं अवघड). ते घ्यायला त्याने 1500 सोन्याची नाणी महिनोन् महिने जमवली होती. जंगलात शिरल्यावर मी दर तासाला त्याला फासे टाकायला लावले, चिलखतामुळे दोन टाकून कमी आकडा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेजवर. दुसऱ्या सेशनला त्याने हात टेकले आणि म्हणाला, ‘उतरवतो.’ डेक्स्टेरिटी (चपळाई) 10 असल्यामुळे एसी थेट 10 वर आला. पात्राच्या शीटवरचा 18 त्याने खोडरबराने खोडला, इतका घासून की कागद तिथे पातळ झाला, आणि त्यावर 10 लिहिलं. बाकीचे पुढच्या खोलीचा नकाशा काढत होते. तो संध्याकाळभर फारसा बोलला नाही. शेजारी बसलेल्या ‘रोग’चं, म्हणजे चोरपावलाच्या पात्राचं, स्टडेड लेदर हे हलकं चामडी चिलखत, डेक्स्टेरिटीमुळे एसी 16, आणि उकाड्याचा त्याला काहीच त्रास नाही. एका खेळाडूचं सगळं काढून घेतलं आणि दुसऱ्याला झळही लागली नाही. याला मी अवघड जंगल समजत होतो.

नंतर नियम नीट वाचला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत कडक उष्णता सुरू होते 100 अंश फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण 38 सेल्सिअसला. तिथे प्यायला पाणी नसेल तर दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह: वीस बाजूंच्या फाशावर (डी20) ठरलेला आकडा गाठायचा, नाहीतर एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पातळी. पहिल्या तासाला डीसी, म्हणजे तो आकडा, 5, पुढे दर तासाला एकाने वाढत जातो. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर डिसअ‍ॅडव्हान्टेज. ‘पाणी नसेल तर’ हे शब्द मी तेव्हा गाळूनच टाकले होते. पाणी हाताशी असेल तर हा सेव्ह लागतच नाही! चिलखताची शिक्षा पाणी संपल्यावर सुरू होते आणि तेव्हा ती जबर असते. कॉन्स्टिट्यूशन +2 असलेला माणूस सहाव्या तासाला, डीसी 10 ला, 35 टक्के वेळा हरतो. तोच चिलखतात असेल तर जवळपास 58 टक्के.

शिवाय हा नियम मनाने वाळवंटातला आहे. घनदाट जंगलात सावली असते आणि पारा बऱ्याचदा 38 पर्यंत चढतही नाही. तिथे माणसाला मारते ती दमट हवा. घाम वाळला तरच अंग थंड होतं. हवाच ओलीचिंब असेल तर घाम नुसता ओघळतो, त्याने पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. त्यात प्लेटखाली जाड गादीसारखा अंगरखा घातलेला असतो, म्हणजे अंगाभोवती ओल्या कापडाचं बंद खोकं. म्हणून मी आता पारा मोजत नाही. झाडांखाली वारा नसेल आणि हवा दमट असेल, तर तो दिवस ‘जड दिवस’ असं सकाळीच जाहीर करतो आणि त्या दिवशी उष्णतेचा नियम लावतो. पाऊस पडून गेलेला दिवस किंवा नदीकाठचा वारा असेल तर नाही लावत.

खरा हिशोब पाण्याचा आहे आणि तिथे तू भरपूर वेळ दे. त्याच नियमांत उष्ण प्रदेशात माणशी रोज 2 गॅलन लागतं, म्हणजे साडेसात लिटर. एका भरल्या पखालीत अर्धा गॅलन मावतं आणि तिचं वजन 5 पौंड. म्हणजे दिवसाला चार पखाली, 20 पौंड. तीन दिवसांचं पाणी 60 पौंड, आणि प्लेट आर्मर 65 पौंड. तुझ्या फायटरसमोर, म्हणजे चिलखतवाल्या लढवय्यासमोर, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेव आणि गप्प बस. तो स्वतःच विचार करायला लागतो. निम्म्याहून कमी पाणी मिळालं तर दिवसाच्या शेवटी एक्झॉशनची एक पातळी फुकट पदरात पडते. निम्मं किंवा जास्त, पण पुरेसं नाही, तर डीसी 15 चा सेव्ह. क्लेरिक, म्हणजे पुजाऱ्याचं पात्र, पहिल्या लेव्हलचा मंत्र टाकून 10 गॅलन पाणी करू शकतो आणि चौघांना तेवढं पुरतं. त्यावर बंदी घालू नकोस. रोजचा एक मंत्र-स्लॉट तिथे खर्च होतो, ही किंमत मला पुरेशी वाटते.

चिलखताचं म्हणशील तर मी फक्त दोन गोष्टी बदलल्या. पहिली, तासातासाला फासे टाकणं बंद. दिवसाचे तीन भाग, सकाळ, दुपार, उतरती दुपार. प्रत्येक भागाच्या आधी सगळ्यांना एकच प्रश्न, ‘अंगावर काय आहे?’ आणि शेवटी लागलाच तर एक सेव्ह.

दुसरी, ‘ढिलं चिलखत’ अशी मधली अवस्था. हा घरचा नियम आहे, पुस्तकातला नाही. पायावरचे पत्रे, हातमोजे आणि शिरस्त्राण काढायचं, छातीचे पट्टे सैल करायचे. एसी 2 ने कमी, पण डिसअ‍ॅडव्हान्टेज नाही. पायांपासून सुरुवात का, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंधराव्या शतकातल्या धर्तीची चिलखतं घालून माणसांना ट्रेडमिलवर चालवलं होतं. शक्ती साधारण दुप्पट खर्च होत होती. तेवढंच वजन पाठीवर असतं तर कमी लागली असती, कारण पायावरचा पत्रा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. छातीच्या पत्र्याने श्वासही खोल घेता येत नव्हता. हे वाचल्यावर मला तो थकवा डोळ्यांसमोर दिसायला लागला आणि टेबलावर वर्णन करताना शब्द आपोआप सुचले.

पूर्ण उतरवायचं तर जड चिलखताला 5 मिनिटं, घालायला 10. जंगलातली सगळी धाकधूक या मिनिटांत आहे. नंतरच्या डावात आमची फायटर ओढ्याकाठी थांबली. तिने एक पाय दगडावर टेकला, जादूगार विझार्ड तिच्या पोटरीचे पट्टे सोडवत होता, बोटं घामाने निसटत होती. तेवढ्यात मी एवढंच म्हणालो, ‘समोरच्या काठावरचे किडे गप्प झालेत.’ टेबलावर कुणी फासा उचलला नाही. ‘परत बांध,’ ती म्हणाली, आणि विझार्ड खेळणारा खरोखर हलक्या आवाजात बोलायला लागला. त्या रात्री हल्ला झालाच नाही, तरी ते सेशन सगळ्यांना आठवतं. झोपताना मध्यम किंवा जड चिलखत अंगावर ठेवलं तर एक्झॉशन उतरत नाही, असा एक ऐच्छिक नियम आहे. तो जरूर वापर, पण आधी सांगून.

गंज, सडलेलं चामडं, बुरशी यांचे फासे नकोत. वर्णनात एखादं वाक्य पुरे.

एक्झॉशनची मात्र भीती बाळग. 2014 च्या नियमांत तिसऱ्या पातळीला हल्ले आणि सेव्ह दोन्ही डिसअ‍ॅडव्हान्टेजवर जातात. म्हणजे जड चिलखत नसलं तरी उष्णतेचा पुढचा सेव्ह अवघड, आणि तिथून घसरगुंडी सुरू. सहाव्या पातळीला मृत्यू. पोटभर खाऊनपिऊन घेतलेल्या लाँग रेस्टला, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीला, एकच पातळी उतरते. 2024 च्या नियमांत दर पातळीला डी20 च्या फाशांवर वजा 2, वेग 5 फुटांनी कमी. उतार एकसारखा आहे आणि जंगलासाठी मला तोच आवडतो.

फायटरला दुसरा पर्यायही लवकर दे. ब्रेस्टप्लेट, म्हणजे छातीचं चिलखत, 20 पौंडांचं आहे, एसी 14 अधिक डेक्स्टेरिटीचा बोनस, जास्तीत जास्त 2. त्याहून चांगली कल्पना इतिहासातच आहे. 1519 मध्ये मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश सैनिकांपैकी अनेकांनी पोलाद बाजूला ठेवून तिथल्या लोकांचं कापूस भरून शिवलेलं चिलखत घेतलं. तुझ्या जंगलातल्या माणसांकडे असं काहीतरी असू दे. मी त्याला एसी 12 अधिक डेक्स्टेरिटी, कमाल 2, आणि उष्णतेचा त्रास नाही असं ठेवलं होतं. ते विकत मिळू नये, कुणीतरी विश्वासाने द्यावं.

आणि शत्रू हुशार असू दे. 1187 च्या जुलैत गॅलिलीतल्या हत्तीन इथे सुलतान सलाउद्दीनने क्रूसेडरांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, सैन्याला पाण्यापासून तोडलं, वर सुकं गवत पेटवून दिलं. लढाईच्या आधीच ते सैन्य तहानेने अर्धमेलं झालं होतं. तुझे शत्रूही दोन दिवस बाण न मारता नुसता झरा अडवून बसू शकतात. तिथे चिलखत घालून झऱ्यावर चालून जायचं की उतरवून रात्री सरपटत जायचं, हे तुझे खेळाडू तासभर भांडून ठरवतील.

तेव्हा त्या फायटरला पहिल्या सेशनच्या आधी फोन कर. जंगल कसं आहे, पाणी कसं मोजणार, ढिलं चिलखत म्हणजे काय, सगळं सांग. माझ्या पॅलाडिनला मी हे सांगितलं नव्हतं. पहिल्या ‘जड दिवशी’ सकाळी त्याने अंगावर काय घातलं ते मला लगेच कळव.

तुझा,
जुना डीएम