अडीचशे पोळ्यांची फी

महोदय,

मी भांडुपला पोळी-भाजी केंद्र चालवते. गेल्या महिन्यात ह्यांचा उजवा हात थरथरू लागला. कपातला चहा बशीत यायचा. पहाटे साडेपाचला उठून पालिका रुग्णालयाच्या ओपीडीची रांग धरली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल गोल चक्री काढायला लावली, एक ओळ लिहून घेतली. अक्षर शेवटी मुंगीएवढं झालं होतं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. तपासणी चोख, पण एमआरआयची तारीख दोन महिन्यांनंतरची.

शेजारीण म्हणाली, खासगी न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा. फोन केला. फी २५०० रुपये. दहा रुपयाला एक, म्हणजे अडीचशे पोळ्या! तेही चाललं असतं, पण रिपोर्ट दाखवायला पुन्हा आलो तर वेगळी फी लागेल का, यावर उत्तर आलं, "ते डॉक्टर बघतील." मेडिक्लेम आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीची फी बसत नाही.

२०२१च्या सुधारित नियमांनुसार नर्सिंग होममध्ये दरपत्रक लावावं लागतं. मग गल्लीतल्या कन्सल्टिंग रूमबाहेर साधी पाटी का नसावी? पहिली भेट किती, रिपोर्ट दाखवायचे किती, किती दिवसांत फुकट, एवढंच.

आम्ही एकदाच पैसे भरायचं ठरवलंय. पालिकेचा केसपेपर आणि तो चक्रीचा कागद सोबत नेणार आहे. एमआरआयची तारीख मात्र सोडलेली नाही.

– एक पोळीवाली, भांडुप