नीटच्या पोरांना झेरॉक्सच्या दुकानात कशाला पाठवता? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

ऑगस्ट २०२१

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

साहेब, मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मल्टीसर्व्हिसेसचं दुकान चालवतो. म्हणजे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पॅन कार्ड, पीक विमा, लाईट बिल आणि सिझनला नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म. शिक्षण बी.ए., बायोलॉजीचा आणि माझा संबंध दहावीलाच संपला. तरीबी आमच्या भागातली डॉक्टर व्हायला निघालेली सगळी पोरं, त्यांचे आईबाप, मामा, सगळे सल्ला विचारायला माझ्याकडंच येतात, कारण दुसरं जायचं कुठं? कॉलेज बंद, सर फोन उचलत नाहीत, क्लास ऑनलाईन, आणि ज्या शहरातल्या काउन्सिलरकडं माहिती मिळते तो नुसतं बोलायचे हजारो रुपये घेतो. मी फॉर्मचे शंभर घेतो म्हणून मी गावाचा करिअर गायडन्स! हे बरोबर नाही, आणि हेच सांगायला हे पत्र लिहितोय.

तुम्ही लातूरचे, नीट म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे जरा जास्तच होईल. पण लातूरला पोरगं गेलं की त्याच्या आजूबाजूला सगळी सिस्टीम असते, हॉस्टेलचा पोरगा सांगतो, मेसवाला सांगतो, क्लासवाला सांगतो. लॉकडाऊनमध्ये ती पोरं घरी आली आणि एकटी पडली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये धुळ्याहून एसट्या सोडून राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला गेलेली पोरं आणली, ते चांगलं काम झालं, नाव घेतलंच पाहिजे. पण पोरं घरी आल्यावर पुढं काय, ते कोणीच बघितलं नाही. मोबाईलला रेंज यायला गच्चीवर जाऊन बसणारी पोरं आहेत आमच्याकडं.

तारखांचंच बघा. गेल्या वर्षी नीट ३ मेला होती, मग २६ जुलै, मग १३ सप्टेंबर. त्या शेवटच्या आठवड्यात काय काय झालं आठवतंय का? तुम्ही विधानसभेत मेडिकल ॲडमिशनचा ७०:३० चा कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्याच भागातल्या पोरांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, तो रद्द केला, आमच्या मराठवाड्यानं त्याचं स्वागतच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याच दिवशी ९ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाची मराठा आरक्षणाला स्थगिती आली. आणि रविवारी पेपर. पोरगं फिजिक्स करणार की आपली कॅटेगरी कोणती ते शोधत बसणार? निकाल लागला १६ ऑक्टोबरला आणि त्या बॅचचं पहिलं वर्ष सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला. यंदा १ ऑगस्टची परीक्षा १२ सप्टेंबरवर गेली. कोरोना कुणाच्या हातात नाही, मान्य. पण तारीख पुढं गेली की त्या तारखेमागं कागदं, दाखले, फी, रूम भाडं सगळं पुढं जातं, आणि हे कागदाचं मात्र कोणी सांगत नाही.

कागदावर जरा जास्त लिहितो कारण माझा धंदाच तो आहे.

नीटच्या फॉर्मला दोन फोटो लागतात, एक पासपोर्ट साईझ आणि एक पोस्टकार्ड साईझ, म्हणजे ४ बाय ६ इंच. पांढरं बॅकग्राऊंड, चेहरा आणि कान दिसले पाहिजेत, मास्क चालत नाही. दुसरी लाट नुकती ओसरलेली, त्यात दहा बाय बाराच्या दुकानात एकेक पोरगं मास्क काढून उभं राहतंय, बाकीचे दाराबाहेर. मग डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर, तो स्कॅन, मग साईझ केबीत बसवायची, मग सर्व्हर गोल गोल फिरतोय. फॉर्मची फी ओपनला १५००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटक) १४००, एससी एसटीला ८००. पैसे कट होतात आणि कन्फर्मेशन पेज येत नाही, मग पोराचा बाप माझ्याकडं बघतो जसं काय मीच खाल्ले. हे तरी ठीक आहे, निस्तरता येतं. यंदा तर फॉर्म दोन टप्प्यात आहे, आत्ता भरला तो पहिला, दुसरा टप्पा परीक्षेनंतर आणि निकालाच्या आधी. माझ्याकडं आलेल्या कितीतरी पोरांना दुसरा टप्पा असतो हेच माहीत नव्हतं. परीक्षा झाली की पोरगं मोबाईल ठेवून झोपणार, आणि तेवढ्यात मुदत निघून गेली तर? याची एक साधी सूचना मराठीत, प्रत्येक ज्युनियर कॉलेजच्या ग्रुपवर, तुमच्या खात्याकडून का येऊ शकत नाही?

आता कॅटेगरी. ५ मेला मराठा आरक्षण रद्द झालं. ३१ मेला सरकारनं जीआर काढला की या पोरांना ईडब्ल्यूएसचा फायदा घेता येईल. मग सगळे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यासाठी तहसीलला. २९ जुलैला केंद्रानं सांगितलं की ऑल इंडियाच्या, म्हणजे देशभरातल्या पोरांसाठी ठेवलेल्या, १५ टक्के जागांमध्ये ओबीसीला २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के. चांगला निर्णय, पण फॉर्म तर तेव्हा अर्ध्याच्या वर भरून झाले होते! ११ ते १४ ऑगस्टला दुरुस्तीची संधी मिळाली, ज्यांना कळलं त्यांनी केली. आता त्यात आणखी एक मेख आहे, ऑल इंडियासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि आपल्या राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी राज्याचा नॉन क्रीमीलेअर. दोन्ही वेगवेगळे. आणि राज्याची आणि केंद्राची ओबीसीची यादीपण एकसारखी नाही. हे मला दुकानामुळं माहीत झालं. शेतमजुराच्या पोराला कोण सांगणार?

एक मुलगी आली होती, नाव गाव सांगत नाही. हुशार पोरगी, रिपीटर. वडील एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. उत्पन्नाचा दाखला काढायला बसलो तर पोर्टलवरच्या अकाउंटला मोबाईल नंबर वडिलांचा. ओटीपी त्या नंबरवर जाणार, आणि तीन महिने रिचार्ज नाही म्हणून सिम बंद. ती पर्समधून ते सिम काढून दाखवत होती, कागदात गुंडाळून ठेवलेलं. मग आईच्या नावानं नवीन अकाउंट काढलं. पुढचा प्रश्न, नॉन क्रीमीलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न वडिलांचं दाखवायचं का आईचं? ऑफिसात एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. आईवडील दोन्ही गेलेल्या मुलांना सरकार ५ लाखांची ठेव देणार आहे, केंद्राची पीएम केअर्सची योजना आहे, ते ठीकच आहे. पण फक्त कमावता बाप गेलेला, अशी घरं आमच्याकडं जास्त आहेत आणि ती या योजनांमध्ये बसत नाहीत. अशा पोरांसाठी दाखल्यांची एक वेगळी खिडकी तरी करा, तहसीलमध्ये एक टेबल, आठवड्यातून दोन दिवस. खर्च काहीच नाही साहेब.

आणि जात पडताळणीची पावती ॲडमिशनच्या वेळी चालणार का मूळ प्रमाणपत्रच लागणार, चालणार तर किती दिवस, हे आत्ताच सांगा. ऐन कॅप राऊंडच्या, म्हणजे ॲडमिशनच्या फेरीच्या, आदल्या रात्री नका सांगू. ऑफिसं अर्ध्या स्टाफवर चालली, त्याचा दंड पोरांना नको.

बारावीचा निकाल ३ ऑगस्टला लागला, ९९.६३ टक्के. परीक्षा न होता, दहावी ३०, अकरावी ३०, बारावी ४० असं धरून. मेडिकलला पीसीबीमध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ओपनला ५० आणि रिझर्व्हला ४० टक्के लागतात, त्यामुळं यंदा त्या चाळणीत फार कोणी अडकणार नाही, सगळं ओझं नीटच्या ७२० मार्कांवर. म्हणजे १२ सप्टेंबरला जो पॉझिटिव्ह निघाला तो संपला का? गेल्या वर्षी कोरोनामुळं आणि कंटेन्मेंट झोनमुळं हुकलेल्या पोरांची परीक्षा १४ ऑक्टोबरला झाली, पण ती सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणून, आणि सांगितलं कधी तर १२ ऑक्टोबरला. यंदा पोरांना कोर्टात जायला लावू नका. परीक्षा केंद्राची आहे हे मला कळतं, तुम्ही घेत नाही, पण राज्याचा मंत्री दिल्लीला पत्र लिहितो तेव्हा त्याला वजन असतं, माझ्या पत्राला नाही.

जाता जाता मुंबईचंपण. माझ्या बहिणीचा पोरगा डोंबिवलीला असतो, तो सतरा वर्षांचा. १५ ऑगस्टपासून लोकल दोन डोस झालेल्यांना चालू झाली, पण अठराच्या आतल्यांना लसच नाही! मग तो पेपरला जाणार कसा? गेल्या वर्षी हॉल तिकिटावर लोकलमध्ये सोडलं होतं, सोबत एक पालकपण. तेच यंदा जाहीर करा, दोन ओळींचं काम आहे.

आता संधीचं बोलू. पोरं विचारतात, दादा, हॉस्पिटलमध्ये काही काम केलं तर ॲडमिशनला फायदा होतो का? आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय काहीपण. एकाला वाटत होतं की शंभर दिवस कोविड ड्युटी केली की मेडिकलला प्राधान्य. ते पंतप्रधानांनी ३ मेला जाहीर केलं ते डॉक्टर, इंटर्न, नर्स अशांसाठी, आणि प्राधान्य सरकारी नोकरभरतीत. एका आशाताईंना कोणीतरी सांगितलं की तुमच्या मुलीला कोविड योद्ध्यांच्या कोट्यातून जागा आहे. तो कोटा म्हणजे गेल्या नोव्हेंबरात केंद्रानं २०२०-२१ साठी ठेवलेल्या एमबीबीएसच्या ५ जागा, अख्ख्या देशात पाच, आणि त्या ड्युटीमुळं जीव गेलेल्यांच्या मुलांसाठी. हे त्या बाईंना सांगताना मला कसं झालं असेल, तुम्हीच विचार करा. तुमच्या खात्यानं स्वच्छ शब्दांत सांगावं की ॲडमिशन नीटच्या रँकवर होते, सेवेचं सर्टिफिकेट धरत नाहीत. म्हणजे पोरं आशेवर राहणार नाहीत आणि ज्याला खरंच मनापासून करायचंय तो करेल.

कारण करायला काम आहेच की. गेल्या वर्षी 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'त आरोग्य कर्मचाऱ्यासोबत स्वयंसेवक घरोघर फिरले, त्यात बारावी झालेली पोरं होती, ऑक्सिमीटर लावायला तिथंच शिकली. १८ जूनला केंद्रानं कोविडसाठी क्रॅश कोर्स सुरू केले, घरी पेशंटची काळजी, सॅम्पल घेणं, इमर्जन्सी, मेडिकल मशीन सांभाळणं असे सहा प्रकार, २६ राज्यांत १११ सेंटरवर. यातलं आपल्या जिल्ह्याला जवळचं सेंटर कोणतं हे पोरांनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसबाहेर एक बोर्ड लावला असता तरी चाललं असतं. तिसरी लाट येणार येणार म्हणता, मग माणसं लागणारच ना तुम्हाला?

आणि ज्यांचा नंबर एमबीबीएसला लागणार नाही, म्हणजे बहुतेक सगळेच, त्यांचं काय? बीएएमएस, बीएचएमएसलाच नाही तर फिजिओथेरपीलापण नीटच्याच रँकवर राज्याची ॲडमिशन होते हे कितीजणांना माहीत आहे? बी.फार्मला राज्याची सीईटी लागते, तिचा फॉर्म वेगळा. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बारावीवर. एवढीच माहिती एका पानावर मराठीत असती तर माझ्या दुकानातले अर्धे प्रश्न मिटले असते. राज्याची ॲडमिशन बघणाऱ्या सीईटी सेलचं ब्रोशर असतं, पण ते इंग्रजीत आणि एवढं जाडजूड की मी तेच प्रिंट काढून विकलं तरी माझा महिना निघेल. या रिकाम्या जागेत एजंट शिरलेत, आमच्या बसस्टँडसमोर परदेशात एमबीबीएसचा फ्लेक्स लागलाय, बापाला जमीन विकायला लावतील असे रेट. चीनला शिकायला गेलेली पोरं गेल्या वर्षीपासून घरी बसून मोबाईलवर डॉक्टरकी शिकतायत, हे त्या फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. खात्यानं या बाबतीत पालकांना उघड सावध करायला काय हरकत आहे?

मला विचाराल तर फार मोठं काही नको. खात्याचं एक पत्रक मराठीत काढा, चार पानांचं, त्यात तारखा, दाखल्यांचे नमुने, केंद्राचं वेगळं राज्याचं वेगळं, नीटवर कुठं कुठं ॲडमिशन होते ते, आणि एक नंबर जो कोणीतरी उचलतो. प्रत्येक तालुक्याला एका ज्युनियर कॉलेजात एक माणूस नेमा, त्याला ट्रेनिंग द्या, मानधन द्या. माझा धंदा कमी होईल तेवढा होऊ द्या, पीक विमा आहेच.

हॉल तिकिटं आता कधीबी येतील. तेव्हा दुकानात परत गर्दी होणार, आणि सेंटर कुठं आलं, एसटी किती वाजता, पॉझिटिव्ह निघालो तर काय, दुसरा टप्पा कधी, हेच प्रश्न परत मला विचारणार. त्याच्या आत ते पत्रक निघालं तर मी स्वतःच्या खर्चानं त्याच्या झेरॉक्स काढून वाटतो, हा शब्द.

आपला,
एक मल्टीसर्व्हिसेसवाला
परभणी जिल्हा